सॅन हुआनच्या रडारवरच्या रेघा

२००९ च्या सुरुवातीची गोष्ट. पोर्टो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर सॅन हुआन विमानतळासाठी एक हवामान रडार काम करतं. त्याच्या चित्रात रेघा उमटू लागल्या. केंद्रातून निघून परिघापर्यंत सरळ जाणाऱ्या आणि ठरावीक दिशांनाच दिसणाऱ्या. पाऊस असा दिसत नाही. ढगाला कडा असतात, तो कुठेतरी सुरू होतो आणि कुठेतरी संपतो. या रेघा मात्र रडारच्या पायथ्यापासून त्याच्या नजरेच्या टोकापर्यंत सलग होत्या.

रडार पल्स, म्हणजे रेडिओलहरींचे क्षणभराचे ठोके, सोडतं. प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतं आणि अँटेना त्या क्षणी कुठे वळलेली आहे यावरून दिशा ठरवतं. एखादा परका प्रक्षेपक त्याच वारंवारतेवर बोलत असेल, तर त्याचा या पल्सशी काहीच संबंध नसतो. त्याचा सिग्नल येतच राहतो, म्हणून रडारला तो प्रत्येक अंतरावर असल्यासारखा भासतो. दिशा तेवढी खरी असते. त्यामुळे अशी रेघ चित्र बिघडवते, आणि बिघडवणारा कुठल्या बाजूला बसला आहे हेही सांगून टाकते. ती दिशा धरून निघालं की माग काढता येतो.

माग लागला तो बिनतारी इंटरनेटच्या यंत्रांचा. उंच इमारतींवर, टेकड्यांवरच्या मनोऱ्यांवर बसवलेली, ५ गिगाहर्ट्झवर चालणारी, विनापरवाना वापरता येणारी ही यंत्रं. नियमाप्रमाणे त्यांनी रडारचा आवाज ओळखून आपण होऊन चॅनेल सोडायला हवं होतं. तशी सोय त्यांच्यात सक्तीची होती. तिचं नाव डायनॅमिक फ्रीक्वेन्सी सिलेक्शन, व्यवहारात डीएफएस. आपल्या घरचा राउटरही काही चॅनेलांवर सुरू होताना मिनिटभर गप्प बसतो, तो याच सोयीमुळे.

स्पेक्ट्रम वाटून वापरायचा, पण कुणी कुणाशी बोलायचं नाही, वेळापत्रक ठरवायचं नाही, फक्त कान उघडे ठेवायचे आणि मोठा आला की वाट सोडायची, अशी ही कल्पना. ती प्रत्यक्षात कशी वागते हे पाहायला सॅन हुआनइतकं चांगलं प्रकरण नाही.

रडार तिथे का होतं

२ ऑगस्ट १९८५ ला डेल्टा एअरलाइन्सचं १९१ क्रमांकाचं विमान डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उतरताना कोसळलं. १३७ माणसं गेली. कारण होतं मायक्रोबर्स्ट: वादळी ढगातून हवेचा एक जड लोट खाली आदळतो आणि जमिनीवर चारी दिशांना पसरतो. उतरत्या विमानाला आधी समोरून जोरदार वारा लागतो, क्षणभर विमान उचललं जातं. पुढच्याच काही सेकंदांत वारा पाठीमागून यायला लागतो आणि पंखाखालचा आधार निघून जातो. सगळा खेळ काही मिनिटांचा आणि काही किलोमीटरच्या घेऱ्यातला. शिकागो विद्यापीठातले तेत्सुया फुजिता सत्तरच्या दशकापासून ही घटना मांडत होते, पण तिला पकडणारं यंत्र विमानतळांवर नव्हतं.

ते यंत्र म्हणजे टर्मिनल डॉप्लर वेदर रडार. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने ते विकसित केलं, रेथियॉनने बांधलं, आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या वादळप्रवण विमानतळांजवळ ४५ ठिकाणी ते उभं राहिलं. शार्लट विमानतळावर ते उभं राहायच्या आधीच, जुलै १९९४ मध्ये, तिथे मायक्रोबर्स्टनेच यूएसएअरचं विमान पाडलं आणि ३७ जण दगावले. त्यामुळे हे रडार म्हणजे चैन होती का गरज, यावर विमान वाहतुकीच्या लोकांत फारशी चर्चा उरली नाही.

हे रडार ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये चालतं. झोत अगदी बारीक, जेमतेम अर्ध्या अंशाचा. पल्सची ताकद सुमारे २५० किलोवॅट, पण लांबी जवळपास एक मायक्रोसेकंद. जमिनीलगतचा फेरा दर मिनिटाला एकदा, कारण मायक्रोबर्स्टला त्याहून जास्त सवड देऊन चालत नाही. अशा रडारच्या चित्रात एका दिशेची पाचर रेघेने झाकली गेली, तर त्या पाचरीत काय चाललं आहे ते कळत नाही. विमान नेमकं त्याच बाजूने येत असेल तर रडार असून नसल्यासारखं.

वाटणीचा करार

२००३ च्या उन्हाळ्यात जिनिव्हात जागतिक रेडिओ परिषद भरली. वायफाय तेव्हा नुकतं घराघरांत शिरत होतं आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अपुरा पडणार हे दिसत होतं. ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हे पट्टे वायफायसारख्या जाळ्यांना जगभर खुले करायचं ठरलं. अडचण अशी की ५२५० च्या पुढच्या भागात लष्करी रडार होती, जहाजांची होती, हवामानाची होती. लष्कराने पट्टा सोडायला नकार दिला. तो अपेक्षितच होता. तडजोड निघाली ती डीएफएसची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आपले नियम काढले. यंत्र रडार ओळखतं की नाही हे प्रयोगशाळेत कसं तपासायचं, यावर मात्र पुढची अडीच वर्षं खल चालला आणि चाचणीची पद्धत २००६ मध्ये ठरली. ही अडीच वर्षं लक्षात ठेवावीत. पुढचा घोळ इथूनच सुरू होतो.

नियम वाचायला सोपे आहेत. चॅनेल वापरण्याआधी ६० सेकंद ऐका. काही नसेल तर सुरू करा, पण चालू असतानाही कान उघडे ठेवा. रडार कळलं की १० सेकंदांत चॅनेल सोडा, आणि त्या १० सेकंदांतही प्रत्यक्ष प्रक्षेपण सेकंदाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडंच अधिक. एकदा सोडलेल्या चॅनेलकडे ३० मिनिटं फिरकायचं नाही. किती मोठा आवाज ऐकू आला तर ‘कळलं’ म्हणायचं? २०० मिलिवॅटच्या आतल्या यंत्रासाठी उणे ६२ डीबीएम, त्यावरच्यासाठी उणे ६४. डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबेलमध्ये मोजलेली ताकद; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण.

कागदावर हिशेब चोख होता

उणे ६४ हा आकडा कुठून आला, हे उलगडल्याशिवाय पुढचं समजणार नाही. म्हणून थोडा हिशेब करू. डेसिबेलमध्ये गुणाकाराची बेरीज होते, दर १० डेसिबेलांना ताकद दहापट, एवढं लक्षात असलं की पुरे.

या वाटणीत एक नैसर्गिक न्याय आहे. रडारकडून यंत्राकडे येताना सिग्नल वाटेत जितका झिजतो, तितकाच यंत्राकडून रडारकडे जातानाही झिजतो. दोघेही एकाच वारंवारतेवर असतील आणि तीच अँटेना बोलायला व ऐकायला वापरत असतील, तर ही झीज दोन्हीकडे सारखी. म्हणून रडार मला किती मोठ्याने ऐकू येतं यावरून मी रडारला किती त्रास देईन हे काढता येतं. रडारला विचारायला जायची गरज नाही.

रडारची २५० किलोवॅटची ताकद म्हणजे ८४ डीबीएम. अँटेना तीत सुमारे ५० डेसिबेलची भर घालते. एकूण १३४. यंत्राला हे उणे ६४ वर ऐकू आलं, तर वाटेत झीज झाली १९८ डेसिबेलची. आता उलट चाला. यंत्र १ वॅटने, म्हणजे ३० डीबीएमने बोलतं. वाटेत १९८ गेले, रडारच्या अँटेनाने ५० मिळवले. हाती आले उणे ११८. यातही यंत्राची ताकद २० मेगाहर्ट्झभर पसरलेली असते आणि रडार जेमतेम १ मेगाहर्ट्झ रुंदीने ऐकतं, म्हणून आणखी १३ वजा. उणे १३१. रडारच्या रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट उणे ११२ च्या आसपास धरला, तर यंत्राचा त्रास त्याच्या १९ डेसिबेल खाली, म्हणजे ऐंशी पटींनी क्षीण. याचा अर्थ, ज्या यंत्राला रडार ऐकू येत नाही त्या यंत्रापासून रडारला उपद्रव होत नाही. उंबरठा विचारपूर्वक निवडला होता आणि सुरक्षिततेची जागाही भरपूर सोडली होती.

आता सॅन हुआनमधली टेकडीवरची जागा घ्या. रडारपासून २० किलोमीटर, मध्ये काही आडवं नाही. मोकळ्या हवेत या अंतराची झीज साधारण १३३ डेसिबेल. रडारचा झोत यंत्रावरून गेला तर यंत्राला ऐकू येणारा सिग्नल १ डीबीएमच्या घरात. उंबरठ्याच्या ६० डेसिबेलहून अधिक वर, दहा लाख पटींहून मोठा. आणि उलट बाजूने यंत्राचा सिग्नल रडारला त्याच्या गोंगाटाच्या ४५ डेसिबेल वर भेटणार. रेघ उमटणार यात नवल नाही.

नवल आहे ते पहिल्या अर्ध्याचं. इतका प्रचंड सिग्नल यंत्राला कळू नये? सिग्नल ओळखण्यावरचं बहुतेक लेखन क्षीण सिग्नलांबद्दल असतं: गोंगाटात दडलेलं कसं शोधावं, भिंतीआडचा प्रक्षेपक कसा हेरावा. सॅन हुआनमध्ये तसलं काहीच नव्हतं. इथे सिग्नल कानठळ्या बसवणारा होता.

मग ऐकू का आलं नाही

एनटीआयए ही अमेरिकी सरकारी खात्यांच्या स्पेक्ट्रमचा कारभार पाहणारी संस्था. तिच्या बोल्डर इथल्या दूरसंचार प्रयोगशाळेने विमान वाहतूक प्रशासन आणि एफसीसी यांच्यासोबत या प्रकरणाचा तपास केला. अहवाल २०१० ते २०१२ या काळात तीन भागांत निघाला. तोवर रेघा सॅन हुआनपुरत्या राहिल्या नव्हत्या. मुख्य भूमीवरच्या इतर विमानतळांच्या रडारवरही त्या दिसल्या होत्या.

जुलै २०१० मध्ये एफसीसीने उत्पादकांना आणि सेवा पुरवणाऱ्यांना जे पत्र पाठवलं, त्यातलं चित्र नेमकं आहे. प्रत्येक ठिकाणी उपद्रव करणारी यंत्रं मोजकीच. सगळी घराबाहेर, उंचावर, विमानतळाच्या परिसरात, रडारच्या थेट नजरेत. बहुतेक रडारच्याच वारंवारतेवर, काही शेजारच्या. घरातल्या राउटरांचा यात प्रश्नच नव्हता. भिंती, छपरं आणि शहराची दाटी त्यांना रडारपासून झाकून टाकते. लाखो यंत्रं बाजारात असताना उपद्रव मूठभरांचा, हे या प्रकरणातलं मला सर्वांत बोलकं वाटणारं वास्तव आहे. वाटणीचे नियम सरासरी यंत्राला धरून केले जातात आणि मोडतात टेकडीवरच्या एका यंत्रापाशी.

कारणं तीन प्रकारची होती, आणि ती एकमेकांत मिसळलेली.

पहिलं म्हणजे चाचणी. प्रयोगशाळेत यंत्रासमोर ठरावीक नमुन्याच्या पल्स सोडल्या जात. आखूड पल्सचा पहिला नमुना होता एक मायक्रोसेकंदाच्या १८ पल्स, दोन पल्समधलं अंतर १४२८ मायक्रोसेकंद, दर वेळी तेवढंच. अशा ३० प्रयत्नांत ६० टक्के वेळा ओळखलं की पास. खरं विमानतळ-रडार मात्र हे अंतर बदलत राहतं. वाऱ्याचा वेग आणि अंतर यांतला गोंधळ टाळण्यासाठी त्याला ते करावंच लागतं. ज्यांनी यंत्राचा सॉफ्टवेअर लिहिला त्यांना चाचणीचे नमुने माहीत होते. त्यांनी परीक्षेत येणारे प्रश्न पाठ करून घेतले, एवढंच. त्यात लबाडी होती असं मला वाटत नाही. उलट, नमुन्याशी घट्ट जुळवणी केली की खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण कमी होतं, म्हणून चांगला अभियंता तेच करेल. पण त्यामुळे यंत्र रडार ओळखायला शिकत नाही, चाचणी ओळखायला शिकतं.

याच चाचणीत एक किरकोळ वाटणारी अट होती. यंत्र चालू असताना त्यावरून एक ठरवून दिलेली व्हिडिओ फाइल पाठवायची, किंवा चॅनेल किमान १७ टक्के भरेल इतकी वाहतूक ठेवायची. यंत्र बोलत असताना ऐकू शकत नाही. १७ टक्के बोलणाऱ्याला ऐकायला भरपूर उसंत असते. संध्याकाळच्या वेळी अख्ख्या वस्तीचं इंटरनेट वाहून नेणाऱ्या मनोऱ्यावरच्या लिंकला इतकी उसंत कुठून मिळणार? रडारचा अर्ध्या अंशाचा झोत एखाद्या ठिकाणावरून जातो तो सेकंदाच्या तीसेकाव्या हिश्श्यात. तेवढ्यात ज्या पल्स यायच्या त्या येतात, त्यातल्या काही यंत्र बोलत असताना निसटतात, आणि उरलेल्या एखाद्या नमुन्याशी जुळतीलच असं नाही.

दुसरं कारण शेजारच्या चॅनेलचं. डीएफएस ऐकतं ते फक्त आपल्या चॅनेलवर. कुठल्याही प्रक्षेपकाचं थोडं तेल शेजारी सांडतंच. मुख्य ताकदीच्या ४० डेसिबेल खाली म्हणजे दहा हजारावा हिस्सा. सर्वसाधारण परिस्थितीत कुणी दखलही घेणार नाही. पण वरच्या हिशेबात टेकडीवरचं यंत्र रडारच्या गोंगाटाच्या ४५ डेसिबेल वर आहे. त्यातून ४० गेले तरी ५ उरतात. म्हणजे यंत्र प्रामाणिकपणे आपल्या चॅनेलवर ऐकतं आहे, तिथे रडार नाही, नियम पूर्ण पाळला आहे, आणि रेघ तरीही उमटते आहे.

सर्वांत शांत चॅनेल

तिसरं कारण माणसांचं. एफसीसीच्या पुढच्या दंडांच्या प्रकरणांत वारंवार हेच दिसलं: डीएफएस बंद करून ठेवलेलं, किंवा त्या पट्ट्यासाठी प्रमाणितच नसलेलं यंत्र तिथे चालवलेलं.

यावर ‘नियम मोडणारे व्यापारी’ म्हणून मोकळं होता येतं. पण त्या मनोऱ्यावर चढणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून पाहावं. हा लहान धंदा आहे. केबल कंपनी जिथे पोचत नाही तिथे हा पोचतो. त्याच्याकडे परवान्याचा स्पेक्ट्रम नाही. ५७२५ च्या वरचा पट्टा जास्त ताकदीची मुभा देतो म्हणून सगळे तिथेच दाटलेले. मग तो यंत्रातलं स्कॅनर लावून कुठे शांतता आहे ते बघतो. ५६०० ते ५६५० अगदी रिकामा दिसतो. तो रिकामा दिसतो कारण बाकीची यंत्रं रडारला भिऊन तिथून निघून गेली आहेत. आणि रडार स्वतः? त्याची एक मायक्रोसेकंदाची पल्स, तीही वर्तुळाच्या अर्ध्या अंशात. सरासरी काढणाऱ्या स्कॅनरच्या आलेखावर ती उमटतच नाही. म्हणजे ज्या चॅनेलवर सर्वांत ताकदवान प्रक्षेपक बसला आहे, तेच चॅनेल त्याला सर्वांत शांत दिसतं.

समजा त्याने डीएफएस चालू ठेवलं. शेजारच्या मनोऱ्यावरच्या वायफायचे तुकडे, स्वतःच्याच सिग्नलचे परावर्तन, काहीही कधीकधी रडारच्या नमुन्याशी जुळतं. लिंक पडते. नव्या चॅनेलवर मिनिटभर थांबावं लागतं, जुनं अर्धा तास बंद. मनोऱ्याखालच्या प्रत्येक ग्राहकाचा फोन येतो. आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये देश बदलण्याची सोय आहे. अमेरिकेऐवजी ज्या देशात डीएफएसचा नियमच नाही असा देश निवडला की फोन थांबतात.

डीएफएसची रचनाच अशी आहे की ऐकण्याचा सगळा खर्च ऐकणाऱ्यावर पडतो आणि फायदा दुसऱ्याचा होतो. ज्याचा कान तिखट त्याची लिंक जास्त वेळा पडते. ज्याचा कान मंद, किंवा ज्याने बोळे घातले, त्याची सेवा उत्तम चालते. बाजारात कुठलं यंत्र ‘स्थिर’ म्हणून नाव कमावेल हे वेगळं सांगायला नको. अभियंते सिग्नल ओळखण्याची अचूकता सुधारत बसले तरी हा तोल बदलत नाही.

दुरुस्ती

पहिली दुरुस्ती घाईची होती. नव्या यंत्रांना ५६०० ते ५६५० चं प्रमाणपत्र देणं थांबलं. जुन्यांसाठी सूचना निघाली: रडारपासून ३५ किलोमीटरच्या आत किंवा त्याच्या थेट नजरेत असाल तर तुमची मध्य-वारंवारता रडारच्या वारंवारतेपासून किमान ३० मेगाहर्ट्झ दूर ठेवा, आणि जागेची नोंद एका ऐच्छिक यादीत करा. ही यादी बिनतारी सेवा पुरवणाऱ्यांच्या संघटनेच्या मदतीने उभी राहिली, जेणेकरून रेघ दिसली की फोन कुणाला लावायचा ते कळावं. ३० मेगाहर्ट्झची अट शेजारी सांडणाऱ्या तेलासाठी होती.

दंडही झाले. बहुतेक १० ते २५ हजार डॉलरचे. २०१३ मध्ये न्यूयॉर्क आणि फ्लोरिडातल्या रडारना पुन्हा पुन्हा त्रास दिल्याबद्दल एका कंपनीवर २ लाख २ हजार डॉलरचा दंड प्रस्तावित झाला तेव्हा मात्र धंद्यातल्या लोकांनी कान टवकारले.

इतर देशांनी आपापली वाट काढली. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने ५६०० ते ५६५० वायफायला बंदच ठेवलं. युरोपने त्या तुकड्यापुरती आधी ऐकण्याची वेळ एका मिनिटावरून दहा मिनिटांवर नेली. हवामान रडारचा झोत वेगवेगळ्या उंचीवर फिरतो आणि खालच्या फेऱ्याला परत यायला वेळ लागतो, हे युरोपच्या नियमाने ओळखलं. दहा मिनिटं थांबायला कुणालाच परवडत नाही, त्यामुळे बहुतेक युरोपीय राउटर त्या चॅनेलांच्या वाटेला जात नाहीत. बंदीच ती, शिष्टाचाराने घातलेली.

अमेरिकेने २०१४ मध्ये पट्टा पुन्हा उघडला. चाचणीचा पहिला नमुना बदलला: पल्समधलं अंतर आता ५१८ ते ३०६६ मायक्रोसेकंदांमध्ये कसंही निवडलं जाऊ शकतं, त्यामुळे पाठांतर चालत नाही. आणि यंत्राचा रेडिओ ताब्यात ठेवणारा सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला बदलता येऊ नये, देश निवडण्याची पळवाट बुजावी, याची जबाबदारी उत्पादकावर टाकली.

या शेवटच्या कलमाची झळ भलत्यांनाच लागली. २०१५ मध्ये एफसीसीने उत्पादकांना दिलेल्या मार्गदर्शनात, डीडी-डब्ल्यूआरटीसारखा मुक्त सॉफ्टवेअर राउटरवर चढवता येऊ नये यासाठी तुम्ही काय करता, असं नाव घेऊन विचारलं होतं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. काही महिन्यांत तो मजकूर बदलला आणि रेडिओपुरतं कुलूप लावा, बाकी राउटर उघडा राहिला तरी हरकत नाही, असा खुलासा आला. तोवर काही उत्पादकांनी सोपा मार्ग म्हणून अख्ख्या राउटरलाच कुलूप लावलं होतं. टेकडीवरच्या मूठभर यंत्रांचा हिशेब चुकता करताना घरातल्या कोट्यवधी राउटरांची मालकी वादात आली, हे जरा विचित्रच.

पत्ता माहीत असताना

डीएफएस कुणासाठी केलं होतं? ज्या रडारचा ठावठिकाणा सांगता येत नाही अशांसाठी. युद्धनौका आज इथे, उद्या तिथे. लष्कर आपली जागा कुणाला कळवणार नाही. तिथे ऐकण्याखेरीज दुसरा उपाय नाही. विमानतळाच्या हवामान रडारचं तसं नाही. ती ४५ आहेत, काँक्रीटच्या पायावर उभी आहेत, त्यांचे अक्षांश-रेखांश आणि वारंवारता सार्वजनिक यादीत आहेत. ३५ किलोमीटरच्या सूचनेबरोबर तीच यादी एफसीसीने स्वतः प्रसिद्ध केली. ज्याचा पत्ता छापून ठेवला आहे, तो घरी आहे का हे ओळखण्यासाठी प्रत्येक यंत्राने दिवसभर कान लावून बसायचं, यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

यंत्राला आपली जागा कळली, ४५ ओळींचं कोष्टक त्याच्यात भरलं आणि जवळ असेल तर ते चॅनेल यादीतूनच गाळलं, तर चाचणीचे नमुने, १७ टक्के वाहतूक, खोटे इशारे या सगळ्यांची गरज पन्नास मेगाहर्ट्झपुरती तरी संपते. शेजारच्या चॅनेलचा प्रश्नही सुटतो, कारण अंतर आणि ३० मेगाहर्ट्झ दोन्ही कोष्टकातच मोजता येतात. २०१३ च्या प्रस्तावात एफसीसीने जागेवर आधारित अशा उपायाबद्दल मतं मागवली होती. २०१४ च्या अंतिम नियमात तो नाही. विरोधाचे मुद्दे अगदीच फोल नव्हते. प्रत्येक राउटरमध्ये जीपीएस बसवायचा खर्च कोण करणार, आणि खोटी जागा भरणाऱ्याला कसं अडवणार? पण खोटा देश भरणारा माणूस डीएफएसलाही अडवता आला नव्हता, आणि जीपीएस घरातल्या राउटरला लागतच नाही. लागतो तो बाहेर, उंचावर बसणाऱ्या यंत्राला, ज्याच्या किमतीत तो खर्च दिसलाही नसता.

पुढे ६ गिगाहर्ट्झ खुला करताना २०२० मध्ये एफसीसीने नेमका हाच रस्ता धरला. तिथे आधीपासून मायक्रोवेव्हच्या स्थिर लिंक आहेत. बाहेर पूर्ण ताकदीने चालणाऱ्या यंत्राने आपली जागा कळवायची, एका स्वयंचलित यंत्रणेने नोंदी पाहून कुठली चॅनेल किती ताकदीने वापरता येतील ते सांगायचं. ऐकण्याची अट नाही. या यंत्रणांना व्यावसायिक मंजुरी मिळायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला, म्हणजे हाही रस्ता काही झटपट नव्हता. पण एकदा ती उभी राहिली की नियम बदलायचा तर नोंदवही बदलायची. विकल्या गेलेल्या यंत्रांच्या पोटात शिरावं लागत नाही.

भारतात पत्त्यावर आधारित वाटणीचं ओबडधोबड रूप २०२२ च्या नोव्हेंबरात दिसलं. विमानांच्या उंचीमापकांना ५जीचा त्रास होऊ नये म्हणून दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३.३ ते ३.६ गिगाहर्ट्झचे मनोरे नकोत. पुणे आणि नागपूर विमानतळांभोवतीच्या ग्राहकांना त्याची झळ बसली. त्यात बारकावा नाही, पण संदिग्धताही नाही.

५ गिगाहर्ट्झचा आपल्याशी संबंध याहून थेट आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारताने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापराला खुले केले. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत वेरावलीला भारतीय हवामान खात्याचं नवं रडार सुरू झालं. कुलाब्याचं जुनं रडार एस-बँडचं, वायफायच्या या पट्ट्यांपासून दूर. वेरावलीचं सी-बँडचं, म्हणजे सॅन हुआनच्या रडारच्याच कुळातलं, आणि त्याच्या भोवती उंच इमारतींचं मुंबई उपनगर. गच्चीवरून गच्चीवर इंटरनेट नेणाऱ्या लिंक आपल्या शहरांत सर्रास असतात. अशी लिंक बसवणाऱ्याने स्कॅनरवर ५६०० च्या आसपास सुखद शांतता पाहिली, तर चॅनेल निवडण्याआधी वेरावली किती दूर आहे आणि गच्चीवरून ती दिशा मोकळी आहे का, हे बघून घ्यावं. दुसरं तिसरं काही न करता एवढं केलं तरी हवामान खात्याच्या चित्रातली एक संभाव्य रेघ कमी होते.